नॉबवरची पांढरी रेघ

माझ्या पट्ट्यांच्या वर नॉबांची एक ओळ आहे. त्यांतल्या एकाच नॉबवरची पांढरी रेघ पुसट झाली आहे. बाकीच्या रेघा अजून ठळक दिसतात. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर ही पुसट रेघ बाराच्या जागी असावी, अशी माझी घडण आहे. पण ती तीनच्या जागी जाऊन पोहोचली. कोणी ती एका दिवसात तिथे नेली नाही. थोड्या थोड्या आठवड्यांनी, केसभर केसभर, ती सरकत गेली. या नॉबने आवाजाची धार कमी-जास्त होते. रेघ जितकी उजवीकडे, तितका आवाज टोकदार.

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. दिसायला मी पेटीसारखा, पण माझ्यात भाता नाही. विजेच्या लहरींना आकार देऊन मी सूर तयार करतो. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने भिंगातून पाहत माझ्या आतला एकेक सांधा डाखाने जोडला. तिचा चेहरा मला आठवत नाही, पण सांधे अजून टिकून आहेत.

जहाजातून मुंबईला आणि तिथून टेम्पोतून मी पिंपळे गुरवला आलो. मला विकत घेणारे दौलतराव तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. शेताच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा ते पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. दिवसा ते तापलेल्या लोखंडावर घण घालणाऱ्या मशीनवर काम करत आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात मला वाजवत. गणपतीत, हळदीत, कंपनीच्या स्नेहसंमेलनात माझी वट होती. लहान मुले माझ्याखाली वाकून आत बासरीवाला बसला आहे का ते बघत. "बासरीवाला जेवायला गेलाय," असे दौलतराव सांगत आणि मग त्याच बासरीचा सूर काढून त्यांना दचकवत.

त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. कामगार एका कानात कापसाचा बोळा घालत आणि दुसरा कान उघडा ठेवत. साचा झिजला किंवा त्याला तडा गेला, तर डोळ्याला दिसण्याआधी घावाचा आवाज बदलतो. तो ओळखायला कान उघडा हवा. "एक कान कंपनीचा, एक कान घरचा," असे तिथले जुने लोक म्हणत. दौलतरावांचा कंपनीचा कान उजवा. साचा फुटण्याआधी ते हात वर करून मशीन थांबवत आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक होई. घरी आल्यावर आपल्या लहान लेकीला, तनुजाला, मांडीवर घेऊन ते हे अभिमानाने सांगत.

पुढे त्यांची बोटे वारंवार या पुसट रेघेच्या नॉबकडे जाऊ लागली. एका हळदीत गायिका शालनबाई गाणे थांबवून म्हणाल्या, "दौलतराव, कानात सुई घातल्यागत होतंय हो. जरा कमी घ्या की!"

"तुमालाच आवाज सोसत न्हाई, बाई," दौलतराव हसत म्हणाले आणि रेघ आणखी पुढे नेली.

मग शालनबाईंनी त्यांच्याबरोबर गाणे सोडले. एका दुपारी दौलतरावांनी मला चादरीत गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. "पेटीत दम न्हाई राहिला," असे ते घरात म्हणाले. लेकीने विचारले तेव्हा "कंटाळा आला," एवढेच बोलले.

माझ्यात काहीही बिघडलेले नव्हते.

माळ्यावर माझ्या पट्ट्यांखाली झुरळांनी घर केले. खाली बोलणाऱ्यांचे आवाज वर्षागणिक मोठे होत गेले, कारण दौलतरावांना काही सांगायचे तर ओरडावे लागे. म्हातारपण, असे सगळ्यांनी ठरवून टाकले.

तनुजा इंजिनिअर झाली. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ती पत्र्याचे भाग तपासते. तिथली मोठी प्रेस दिवसभर पत्रा ठोकून गाड्यांचे भाग घडवते. नोकरी लागल्यावर तिने मला माळ्यावरून उतरवले. बंद पडलेल्या दुसऱ्या एका सिंथेसायझरचे भाग काढून माळ्यावर पडून गंजलेले माझे भाग बदलले. एकेक पट्टी स्पिरिटने पुसली. मी पुन्हा बोललो तेव्हा ती एकच सूर पुष्कळ वेळ दाबून बसली होती.

शॉपमधल्या मेंटेनन्सचा कुलदीप गिटार वाजवून गातो. तो मूळचा लातूरकडचा. त्याची मैत्रीण स्वरूपा इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवते. तिघांनी मिळून बँड काढला आणि त्याचे नाव ठेवले 'तिसरी शिफ्ट'. जुन्या काळच्या सिंथेसायझरचे रॉक आता तरुणांना पुन्हा आवडते आहे. माझा सूर ऐकून माझ्यापेक्षा कितीतरी लहान मुले टाळ्या वाजवतात, याचा मला आनंद वाटे. तो फार टिकला नाही.

कारण तनुजाने वडिलांची रीत उचलली होती. शॉपमध्ये सगळ्यांना आवाज अडवायला कानात घालायची बोंडे मिळतात. तीही घालते. पण प्रेसजवळ गेली की उजव्या कानातले बोंड काढते. गाण्यात तयार झालेल्या तिच्या कानाला पत्रा कापणारी धार बोथट झालेली आधी कळते. "तनुजा मॅडमना बोलवा, त्या ऐकून सांगतील," असे सुपरवायझर म्हणतात. हे ती सरावाला आल्यावर हसत सांगायची. ज्या कानाने तिला हे काम जमते, तोच कान त्या कामात खर्च होत होता.

एका रविवारी सरावाच्या खोलीत तिने माझे झाकण उघडले. "वरचे सूर गेलेत. परत कचरा बसलाय," ती म्हणाली. तिने पट्ट्या पुसल्या, दाबल्या, पुन्हा पुसल्या.

"वाजतंय की, तनुजा," कुलदीप म्हणाला.

"चेष्टा नको करूस."

"आईच्यान सांगतो. वाजतंय."

तिने माझी सगळ्यात वरची पट्टी दाबून धरली आणि मिक्सरकडे पाहिले. सूर पोचला की उजळणारा तिथला हिरवा दिवा लागला होता. पट्टी सोडली, दिवा विझला. दाबली, लागला. हे तिने खूप वेळा करून पाहिले. मग झाकणाचे स्क्रू एकेक करून घट्ट बसवले.

सांगवीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले. गेलेले परत येणार नाही. उरलेले राखायचे असेल तर मोठ्या आवाजापासून दूर राहा. तो मशीनचा आहे की गाण्याचा, हे कानाला कळत नाही.

"मग काय ठरवलंस?" कुलदीपने विचारले.

"दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर ती म्हणाली, ऑडिट होऊ दे. ऑडिटनंतर म्हणाली, ताथवड्याचा शो होऊ दे. शॉप सोडले तर ती कुणालाही बोलावण्याजोगी मॅडम उरणार नव्हती. बँड सोडला तर तिच्यापाशी ती स्वतःही उरणार नव्हती. म्हणून ती काहीच सोडत नव्हती आणि माझी पांढरी रेघ पुढे सरकत होती.

तो शो ताथवड्याच्या एका मैदानावर झाला. सूर्य मावळत होता. कॉलेजची मुले आईवडिलांच्या काळातले मोठ्या कॉलरचे शर्ट घालून आली होती. तनुजाच्या आग्रहावरून दौलतराव पहिल्यांदाच तिचा बँड पाहायला आले होते. कठड्याला लागून पहिल्या खुर्चीवर ते ताठ बसले होते.

"आम्ही 'तिसरी शिफ्ट', चाकणची," कुलदीप माइकवर म्हणाला. "झोप आली तर लाजू नका. आम्हाला पण आलीय."

मुले हसली. स्वरूपाने ताल सुरू केला. त्यात शॉपमध्ये रेकॉर्ड केलेला खऱ्या प्रेसचा घाव होता. त्यावर माझा खर्जातला सूर पसरला. दौलतरावांनी लोखंडी कठड्यावर तळवा ठेवला. कान जे देत नव्हते ते त्यांना तळव्यातून मिळत होते. त्यांचा पाय ताल धरू लागला. मला माळ्यावर टाकल्यापासून मी त्यांना असे पाहिले नव्हते.

मग वरच्या सुरांतली धून आली. तनुजाला ती ऐकू येईना. तिचा हात नॉबकडे गेला. रेघ तीनवरून चारवर गेली. मी किंचाळलो. मला दुसरे काही करता येत नाही, जसा नॉब तसा मी. पुढच्या मुलींनी कानांवर हात ठेवले. "अरे कमी करा, कान फाटले!" कोणीतरी ओरडले. तनुजा खाली मान घालून वाजवतच राहिली.

दौलतरावांना किंचाळी ऐकू गेली नाही. त्यांनी कान झाकणाऱ्या मुली पाहिल्या. मग लेकीचा हात पाहिला, कोणत्या नॉबवर आहे ते पाहिले. त्यांचा पाय थांबला.

गाणे संपताच कुलदीपने "पाच मिनिटांचा ब्रेक, चहा प्या," असे सांगितले. तोवर दौलतराव स्टेजवर चढले होते.

"कवापासनं?" ते मोठ्याने म्हणाले. "ह्यो खटका. मी बी असाच फिरवायचो. शालनबाई वरडायच्या, आन् मी म्हणायचो पेटीच बाद झाली."

तनुजा त्यांच्या डाव्या कानाशी वाकली. "तुम्ही तर कंटाळा आला म्हणाला होता!"

"मंग काय सांगायचं हुतं? पोरीला काय सांगू, बाप भैरा झाला?" त्यांनी तिच्या उजव्या कानाला बोट लावले. "कंपनीचा ह्योच का?"

तिने होकाराने मान हलवली.

"मीच सांगत बसायचो मांडीवर घिऊन," ते म्हणाले. "डागदरकडं गेलीस?"

"गेले."

"मंग?"

मित्रांनो, ती उत्तर देण्याआधी माझी विनंती ऐका. माझ्यातला गंजलेला भाग दुसऱ्या यंत्रातून काढून बसवता आला. तुमच्या कानाच्या आत अतिशय सूक्ष्म केस आहेत. आवाजाने ते मोडले की पुन्हा उगवत नाहीत, आणि बदली भाग जगातल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. डोळ्यांना पापण्या असतात. कानांना नसतात, म्हणून त्यांना तुम्हीच जपा. आणि ऐकू येईनासे झाले, तर यंत्राला दोष देत बसू नका.

तनुजाने माझे बटण बंद केले. माझा लाल दिवा विझला. मग ती काहीतरी पुटपुटली.

"काय? ऐकू न्हाई आलं," दौलतराव म्हणाले.

ती पुन्हा बोलली. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. "मोठ्यानं बोल, तनू."

तिने एकदा कुलदीपकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग सगळा श्वास एकवटून ती ओरडली. ड्रमची वायर तपासणारी स्वरूपा थांबली आणि पुढची मुले चहाचे कप हातात धरून वळली.

"मी प्रेस शॉप सोडतेय, बाबा! आणि आजपासून स्टेजसुद्धा!"