तपासणीपुरती पुस्तकं

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चौकशी समितीतल्या दोघांनी ग्रंथपालांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. आत वाळलेला शाईचा पॅड आणि खाकी कव्हर घातलेली एक वही होती. वही बाहेर आली.

समितीतल्या वयस्क बाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या.

"अक्षर कुणाचं?"

"माझंच," ग्रंथपाल म्हणाले.

"सुरेख आहे."

शेजारी उभ्या असलेल्या प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

फिजिओथेरपीच्या या खासगी कॉलेजात ग्रंथपालांना एकोणीस वर्षं झाली होती. मुलं पाठीमागे त्यांना 'शिक्का' म्हणत, कारण कुणी नमस्कार केला तरी ते आधी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारत आणि मगच मान वर करत. कॉलेजकडे पुस्तकं होती सहाशे बारा. मान्यतेला लागत दोन हजार. म्हणून तपासणीच्या आधीच्या शनिवारी दुसऱ्या एका जुन्या कॉलेजातून टेम्पो भरून पुस्तकं येत, चार दिवस कपाटांत उभी राहत आणि तपासणी करणाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा खोक्यांत जात. यंत्रंही तशीच येत. प्राध्यापकही येत. त्यातल्या एकाने ग्रंथपालांनाच बाजूला घेऊन विचारलं होतं, "अहो, मी इथे काय शिकवतो?"

हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कागदावर कुठेच नव्हतं. फक्त या वहीत होतं. दुसऱ्याचं पुस्तक नोंद न करता कपाटात ठेवणं ग्रंथपालांच्या हातून होईना. पहिल्याच वेळी त्यांनी रकाने आखले: आले, गेले, अवस्था, शेरा. 'पान ११२ फाटके, आले तेव्हाच.' 'बांधणी सैल, डिंक लावून परत.' तिसऱ्या तपासणीच्या नोंदीत एक ओळ होती: 'तपासणी अध्यक्षांनी चाळण्यास नेले. परत नाही. दोन स्मरणपत्रे.'

बाई तिथे थांबल्या. "तुम्ही अध्यक्षांना स्मरणपत्रं पाठवलीत?"

"पुस्तक दुसऱ्यांचं होतं, मॅडम."

दुसरे सदस्य खोकला आल्यासारखं करून खिडकीकडे वळले.

दुपारी प्राचार्यांनी ग्रंथपालांना केबिनमध्ये बोलावलं.

"लोक भानगड करतात आणि खुणा पुसतात. तुम्ही खुणांना पान क्रमांक घातलेत! काय म्हणू मी तुम्हाला?"

"एखादं हरवलं असतं तर सर..."

"हरवलं असतं तर हरवलं असतं!" प्राचार्य खुर्चीत टेकले. मग आवाज खाली आला. "शुक्रवारी तुमचा लेखी जबाब आहे. पुस्तक प्रदर्शन होतं म्हणून लिहा. दर वेळी प्रदर्शनच. त्या कॉलेजशी आमचं बोलणं झालंय, तेही तेच सांगतील. यंत्रांचं आम्ही बघतो."

ग्रंथपाल दाराकडे वळले.

"तुमची लेक इथूनच पास झाली ना? मान्यता मागच्या तारखेपासून गेली, तर तिची पदवी राहते का? तिची नोंदणी राहते का? मला नका उत्तर देऊ. घरी जा, तिच्याकडे बघा आणि मग लिहा काय ते."

प्राचार्य खोटं बोलत नव्हते. मान्यता देणाऱ्या परिषदेचा नियम तसाच होता. पास झालेल्या पाच तुकड्यांतले दोनशे चौदा विद्यार्थी त्या नियमाखाली येत होते. ग्रंथपालांची मुलगी त्यांतली एक. आठ महिन्यांपूर्वी तिला एका हॉस्पिटलच्या व्यायामकक्षात काम मिळालं होतं.

बारावीनंतर तिला सरकारी कॉलेजात जागा मिळाली नाही, तेव्हा ग्रंथपालांनीच तिला इथे आणलं. बायकोने एकदाच विचारलं होतं, "कॉलेज बरं आहे ना हो?" "मान्यता आहे," ते म्हणाले होते. त्या वर्षीची पुस्तकं परत करून तेव्हा महिनाही झाला नव्हता.

संध्याकाळी साडेसहाला ते घरी पोचले. मुलगी दारातल्या पायरीवर बसून बुटांची नाडी सोडत होती.

"बाबा, वही सापडली म्हणे. आमच्या ग्रुपवर आलंय."

"हो."

"'शिक्काने बुडवलं' असं लिहिलंय एकाने. खाली सत्तर जणांनी अंगठे दिलेत." ती हसली, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "मी नाही दिला."

आई आतून बाहेर आली. "त्यांना आधी पाणी तरी पिऊ दे."

"पिऊ देत ना. मी कुठे अडवलंय?"

ग्रंथपालांनी प्राचार्य काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. प्रदर्शनाचं सांगितलं. शुक्रवारचं सांगितलं. ऐकता ऐकता आई खाली बसली.

"मग लिहून टाका," ती म्हणाली. "एक ओळ तर आहे. तुमच्या एका ओळीवर पोरीचं आयुष्य आहे हो."

मुलीने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"पहिल्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "भिंतीकडची आठ कपाटं कुलूपबंद का असतात. तुम्ही म्हणालात, बाळा, महागाची पुस्तकं आहेत, चाव्या ऑफिसात असतात. आठवतं?"

"आठवतं."

"मी पाच वर्षं त्या कपाटांना पाठ लावून अभ्यास केला. मैत्रिणींना सांगायचे, आमच्या बाबांकडे सगळी पुस्तकं आहेत, फक्त चाव्या मिळायच्यात." तिने बूट एकमेकांना जोडून ठेवले. "आत काय होतं?"

"काही नव्हतं."

"जे काय शिकले ते वॉर्डात शिकले. तिथल्या मोठ्या ताईंच्या शिव्या खाऊन. ते राहू दे. पण तुम्ही वहीत खरं लिहीत होतात आणि मला खोटं सांगत होतात. हे कसं जमायचं तुम्हाला?"

ग्रंथपालांना एकोणीस वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं.

"शुक्रवारी काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मला नका विचारू. तो भार माझ्यावर नका टाकू, बाबा." ती उठली. "पण जे लिहिणार ते या वेळी मला आधी सांगा. ग्रुपवर कळायला नको."

गुरुवारी सकाळी ती डबा भरत असताना त्यांनी सांगितलं. होतं तेच लिहिणार, म्हणाले. तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं.

"बरं," ती म्हणाली आणि कामाला गेली.

शुक्रवारी ग्रंथपालांनी सात ओळींचा जबाब दिला. शेवटची ओळ बाईंनी मोठ्याने वाचली: 'माझी मुलगी याच कॉलेजची विद्यार्थिनी असून तिला याची कल्पना नव्हती.' त्या म्हणाल्या, "हे कुणी विचारलेलं नाही. खोडायचं असेल तर खोडा." ग्रंथपालांनी खोडलं नाही.

चाळीस दिवसांनी मान्यता रद्द झाली, सहा वर्षं मागच्या तारखेपासून. दोनशे चौदा नोंदण्या स्थगित झाल्या. प्राचार्य दुसऱ्या एका संस्थेत सल्लागार म्हणून रुजू झाले. बायको ग्रंथपालांशी कामापुरतं बोलते.

हॉस्पिटलने मुलीला काढलं नाही. नोंदणी नसल्याने तिला रुग्णाला हात लावता येत नाही, म्हणून ने-आण करणाऱ्यांत घेतलं. मागच्या बुधवारी ती ओळखपत्र घरी विसरली. ग्रंथपाल ते द्यायला गेले. कॉरिडॉरच्या टोकाशी ती दिसली. राखाडी अंगरख्यात ती एका म्हाताऱ्या शिंप्याची चाकांची खुर्ची ढकलत होती. शिंप्याचा उजवा हात मूठ आवळून मांडीवर पडला होता.

"तू का नाही गं आत येत?" तो विचारत होता. "तू सोडवायचीस तेव्हा दुखायचं नाही."

"आतल्या ताई माझ्यापेक्षा हुशार आहेत, काका."

"कसल्या हुशार! बोटं धरून ओढतात नुसती."

तिने खुर्ची व्यायामकक्षाच्या दारापर्यंत नेली. आतून कुणीतरी ती घेतली आणि दार बंद झालं. दाराला काचेची चौकट होती. ती तिथेच उभी राहून आत पाहू लागली. पाहता पाहता तिने स्वतःच्या डाव्या हाताची मूठ वळली, उजव्या हाताने मनगट खाली वाकवलं, अंगठा मुळाशी धरून हळूच बाहेर घेतला आणि मग एकेक बोट मोकळं केलं. पुन्हा मूठ वळली. पुन्हा सोडवली.

ग्रंथपालांनी हाक मारली नाही. ओळखपत्र केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईंकडे देऊन ते परतले.

नोंदणी परत मिळावी म्हणून दोनशे चौदा जणांनी केलेल्या अर्जावरची सुनावणी आतापर्यंत दोनदा पुढे गेली आहे. तिसरी तारीख अजून लागलेली नाही.