माझ्या पोटाखालचं लाल बटण

मित्रांनो, मी एक मिक्सर आहे. जुना आहे, पण शांत नाही. ज्याच्या पोटात एवढी ताकदवान मोटर बसवली आहे, त्याने शांत तरी कसं राहावं? खटका फिरवला की मी गरजतो आणि खटका बंद असला की आतल्या आत चुळबुळत राहतो. तुमच्याशी बोलतानाही माझं लक्ष ओट्याकडेच आहे. कोणी भांडं चढवतं का, कोणी हाक मारतं का, असं मला सारखं वाटतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तांब्याची तार घट्ट गुंडाळून माझी मोटर केली, पोलादाची पाती बसवली. शेवटी एका बाईने माझ्या तळाशी एक छोटं लाल बटण लावलं आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. टक् असा आवाज झाला. ते बटण म्हणजे माझा जीव वाचवायची सोय. माझ्यावर झेपणार नाही एवढं ओझं पडलं की ते आपोआप बाहेर येतं आणि मी जळून जाण्याआधी थांबतो. थोडा गार होऊ दिला, बटण आत दाबलं, की मी पुन्हा कामाला तयार. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण मिक्सरला कोण विचारतो?

भंडाऱ्याच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस उभा होतो. समोरच्या दुकानात पाण्याचे पितळी गुंड आणि परातींचा ढीग चमकत असायचा. नागपूरला नोकरी करणारा हेमराज एक दिवस आला आणि दुकानदाराला म्हणाला, "सगळ्यात जोरदार कोणता आहे, तो द्या. मायचा खांदा पाट्यावर वाटून वाटून गेला." असा मी एसटीत बसून पवनीजवळच्या त्यांच्या गावी आलो.

घरात हेमराजची माय गीताबाई होती, बाप धनीराम होता, बायको ज्योत्सना आणि लहानगी लेक गुड्डी होती. पहिल्यांदा खटका फिरवला तेव्हा गीताबाई दोन पावलं मागे सरली.

"अवो, हे त विमान होय!" ती म्हणाली. "घरावरचे कवेलू उडून जातीन ना!"

त्या दिवसापासून माझं नाव विमान पडलं. तिने जुन्या लुगड्याचे काठ जोडून मला एक झगा शिवला आणि त्यात घालून कोपऱ्यात बसवलं. तळ्यातले सुकवलेले, दगडासारखे शिंगाडे मी पिठासारखे केले असते. पण मला मिळायची कधीमधी लसणाची चटणी. तीही दोन गिरक्यांत व्हायची आणि झगा पुन्हा डोक्यावरून खाली यायचा. झग्याच्या आत मी नुसता तळमळत असे. शेजारी जुना पाटा होता. त्याच्यावर तिचा हात रोज फिरायचा. मला त्याचा हेवा वाटे.

धनीराम मात्र मला फार आवडायचा, कारण तो माझ्यासारखाच मोठ्या आवाजाचा होता. शेताच्या धुऱ्यावर उभा राहून त्याने हाक मारली की भाताच्या चार बांध्या पलीकडे रोवणा, म्हणजे लावणी, करणाऱ्या बाया मान वर करून पाहत. त्याला बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे जिवापलीकडे आवडत. "वडा तोंडात टाकला त कुर्र वाजला पाहिजे," तो म्हणायचा. "नाही वाजला त तो वडा कायचा?" तो वडा खायचा तेव्हा तो आवाज सगळ्या घराला ऐकू जायचा. मला तो कधीच ऐकू आला नाही. माझ्या झग्यात मोठी हाक शिरे, पण ती कुर्र शिरत नसे.

जेवण झालं की तो खिशातून खर्ऱ्याची पुडी काढायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो खर्रा गालात ठेवून तो शेतात जायचा. गीताबाई बोलायची, तो हसायचा.

मग हळूहळू त्याचं हसू लहान झालं. आधी त्याला तिखट झोंबू लागलं. मग भाकरीचा घास मोठा वाटू लागला. गालाची आतली कातडी ताठ होत गेली आणि तोंड उघडेना. त्याने ते लपवलं. भूक नाही म्हणायचा, वडा खिशात घालून उठायचा. एके दिवशी गुड्डीने त्याच्या तोंडात बोर घालायला हात नेला, तर बोर दातांशी अडलं. तेव्हा सगळ्यांना कळलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे खर्ऱ्याने झालं, पण ऑपरेशन केलं तर तोंड उघडेल. पण धनीराम इतका वाळला होता की आधी अंगात ताकद यायला हवी. पुढच्या तपासणीला वजन भरलं तरच तारीख मिळणार होती. तोपर्यंत पातळ, बारीक केलेलं, पोटभर जेवण द्यायचं.

गीताबाईने माझा झगा काढला तो त्याच दिवशी. मी आनंदाने थरथरलो. आता माझं खरं काम सुरू होणार होतं.

पण मित्रांनो, ताकद असणं वेगळं आणि ती कशी वापरायची हे कळणं वेगळं. गीताबाईने भात, वरण, पालकाची भाजी आणि पोळी, सगळं एकाच भांड्यात कोंबलं आणि मला फिरवलं. निघाला एक करडा, मातकट लगदा. धनीरामने चमचाभर घेतला आणि ताट सरकवलं.

"हे काय होय?" तो दातांतून म्हणाला. "बैलाचं आंबोण कालवलं का माह्यासाठी?"

"सगळं आहे ना त्याच्यात! पोटात जाऊन एकच होते ना?"

"पोटात होते. तोंडात त नाही होत."

असं रोज होऊ लागलं. मी जोर लावून वाटायचो आणि वाटलेलं तसंच परत यायचं. मला ओरडून सांगावंसं वाटे, की अगं, एकेक पदार्थ वेगळा वाट, मी चव राखून देईन. पण माझ्या ओरडण्याला शब्द नाहीत, नुसती घरघर आहे.

एकदा शेजारची सत्यभामा नवं लुगडं नेसून विचारपूस करायला आली होती. गीताबाईने चुलीवरून उतरलेलं कढत वरण माझ्या भांड्यात काठोकाठ भरलं, झाकण गच्च बसवलं आणि खटका एकदम शेवटच्या आकड्यावर नेला. आत वाफ कोंडली. झाकण उडालं, वरण आढ्यापर्यंत गेलं आणि तिथून सत्यभामेच्या पदरावर आलं.

"अवो माय!" ती किंचाळली. "होळी अजून दूर आहे वो गीताबाई!"

"आई, गरम भरून झाकण लावलं त वाफ कुठून जाईन?" ज्योत्सना ओल्या फडक्याने पुसत म्हणाली. "थोडं निवू द्या, अर्धंच भरा, अन् हळू चालू करून मंग वाढवा."

गीताबाईने मान हलवली, पण तिचं मन तिथे नव्हतं. ती खाटेकडे पाहत होती. धनीराम हसला नव्हता. एरवी एवढ्या गमतीवर तो गाव गोळा होईल एवढा हसला असता.

तपासणी जवळ आली तशी ती आणखी घाबरी झाली. पातळ दिलं तर अंगी लागत नाही, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून एका सकाळी तिने पोळ्यांचे तुकडे आणि घट्ट भाताचा गोळा पाण्याच्या थेंबाशिवाय माझ्यात दाबून भरला. माझी पाती त्या गोळ्यात रुतली. मी कण्हलो. तिने खटका पुढे सरकवला. माझ्या अंगातून तापल्या तारेचा वास आला, आणि टक्! लाल बटण बाहेर आलं. मी थांबलो.

"जळला," गीताबाई म्हणाली आणि खाली बसली.

सत्यभामा दारातच होती. "एवढा बोंबलते, अन् दम एवढुसाच!" ती म्हणाली, पण गीताबाईचा चेहरा पाहून आत येऊन तिच्याजवळ बसली.

मी जळलो नव्हतो! माझ्या पोटाखाली एक बटण होतं, बोटाच्या पेराएवढं, आणि ते कोणी दाबत नव्हतं. गीताबाईने पाटा ओढला. वरवंटा उचलायला गेली तर खांद्यातून कळ निघाली आणि वरवंटा हातातून सुटला. खाटेवर धनीराम सकाळपासून उपाशी होता. मी एवढा बेचैन आयुष्यात कधी झालो नाही.

शेवटी ठरलं, की मला पवनीला दुरुस्तीला न्यायचं. ज्योत्सना पिशवी घेऊन आली, तर गीताबाई म्हणाली, "थांब. खरकटं भांडं लोकाच्या हातात द्याव का?" कल्हईवाल्याकडे पाठवायची भांडीसुद्धा ती आधी घासून लख्ख करायची. तिने माझी तार भिंतीतून काढली, मला आडवं केलं आणि मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसायला बसली.

तेवढ्यात गुड्डी भुकेने रडू लागली. ज्योत्सनाने पटकन चुलीवर ठेवलेल्या, वाटल्या डाळीच्या गोळ्यांच्या कढीला फोडणी दिली. जिरं, लसूण, हिंग आणि वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. मित्रांनो, धनीरामचं तोंड बंद झाल्यापासून त्या घरात खमंग फोडणी पडली नव्हती. त्याला खाता येत नाही, तर त्याच्यासमोर आपण चवीचं खायचं नाही, असं गीताबाईने मनाशी ठरवलं होतं. सगळं घर बिनफोडणीच्या, आळणी जेवणावर होतं.

त्या वासासरशी धनीराम खाटेवरून उठला आणि भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला.

"गोळ्याची कढी होय का?"

ज्योत्सनाने लाजून पातेल्यावर झाकण घातलं. "गुड्डीसाठी होय, मामाजी."

"झाकू नको, बाई. वास घेऊ दे. घरात फोडणीच पडत नाही, त मले वाटते मी गेलोच म्हणून."

गीताबाईचा हात थांबला. "तुमच्यासमोर आम्ही चवीनं खावाव का? घास उतरते का आमच्या गळ्यात?"

"अन् तुम्ही आळणी खाल्लं त माहं पोट भरते का, येडे?"

गीताबाईचे डोळे भरले म्हणून तिने खाली पाहिलं आणि फडकं जोरात दाबलं. तिचा अंगठा माझ्या पोटाखाली होता. टक्!

"ज्योत्सना," ती म्हणाली, "इथं काही दबलं वो."

मला सरळ केलं, तार भिंतीत लावली, खटका फिरवला. मी असा गरजलो की गुड्डी रडायची थांबली.

"विमान उठलं!" धनीराम म्हणाला.

मग गीताबाईने मला पहिल्यांदा नीट वापरलं. कढी निवू दिली. आधी ती ओतली, वरून गोळे सोडले. भांडं अर्धंच भरलं. हळू सुरू करून मग वेग वाढवला. मध्ये थांबून बाजूंना लागलेलं खाली सरकवलं, पुन्हा फिरवलं. मी कढी रेशमासारखी करून दिली. ती पितळी वाटीत ओतून तिने माझं भांडं लगेच पाण्याने खळबळून काढलं आणि मग पालक वेगळा वाटला, दूधभात वेगळा वाटला. धनीरामच्या ताटात पिवळी, हिरवी, पांढरी अशा वाट्या मांडल्या.

त्याने पिवळ्या वाटीतला चमचा दातांतून आत ओढला आणि डोळे मिटले.

"गोळ्याच्या डाळीत लसूण जास्त पडला," तो म्हणाला. "ज्योत्सनानं वाटली. तुह्या हातची बेताची राहते."

ज्योत्सना हसली. गीताबाई हसता हसता रडली. वाट्या रिकाम्या झाल्या.

त्यानंतर मला रोज काम मिळालं. तिखट सोडून सगळे वास, सगळ्या चवी त्या ताटात परत आल्या. गीताबाई आता माझा आवाज ओळखू लागली. मी जड कण्हलो की पाणी घालायची, तापलो की विसावा द्यायची. तपासणीला धनीरामचं वजन भरलं.

ऑपरेशनसाठी नागपूरला जाताना गीताबाईने मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. कंडक्टरने वाकून पाहिलं. "बाई, लेकराचं तिकीट लागीन का?"

"कमावतं लेकरू होय," ती म्हणाली. "याच्याच जिवावर चाललो आम्ही."

ऑपरेशन झालं. पण तोंड उघडं ठेवायला पुढे खूप कष्ट करावे लागले. आईसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून तो दातांत धरायचा आणि दुखलं तरी आणखी एक सरकवायचा. पानठेल्यावरून कैलाश हाक मारायचा, "धनीरामभाऊ, पुडी बांधू का?" धनीराम थांबून आपल्या गालाकडे बोट दाखवायचा आणि पुढे जायचा. मग एक दिवस कैलाशने विचारणं सोडलं.

रोवणे आटोपले आणि पोळा आला. गीताबाईने बरबटी भिजवली. मला दोनच गिरक्या दिल्या, कारण वड्याला डाळ जाडीच लागते. वडे तळले गेले. धनीराम ताटावर बसला. गीताबाईने एक वडा त्याच्या ताटात ठेवला आणि दुसऱ्या वड्याचे तुकडे कढीबरोबर माझ्या भांड्यात तयार ठेवले. तिचा हात माझ्या खटक्यावर होता. मला झगा नव्हता, त्यामुळे मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं. जमलं नाही तर मी होतोच.

धनीरामने तोंड उघडलं. पूर्वीएवढं नाही. वडा आडवा केला आणि कडेचा एक लहान तुकडा तोडला.

कुर्र.

गीताबाईचा हात खटक्यावरून खाली आला. माझ्यातल्या वड्याची कढी तिने गुड्डीला देऊन टाकली. आणि मित्रांनो, जन्मभर चुळबुळ करणारा मी, त्या दिवशी न फिरताही स्वस्थ उभा होतो.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला कोपऱ्यात झाकून ठेवू नका आणि एकदम गळ्यापर्यंत भरूही नका. तो अडला तर त्याला उलटा करून पाहा, बहुतेक वेळा एक बटण दाबायचंच राहिलेलं असतं. पण तुमच्या स्वतःच्या तोंडात जे यंत्र आहे, त्याच्यासारखं यंत्र माझ्या कारखान्यातही बनत नाही. त्याच्यात खर्रा घालू नका. त्याच्या खाली लाल बटण नसतं.