पाठमोऱ्या चोराला डंबेल

सर कायद्याच्या कॉलेजात स्वसंरक्षण शिकवत. म्हणजे स्वसंरक्षणाचा कायदा. हातापायांनी शिकवण्यासारखं त्यांच्या अंगात काही नव्हतं. समोरच्याने पाठ फिरवली की आपला मारण्याचा हक्क संपला, हे ते झोपेतही बडबडले असते. मारायची मोकळीक वाढवली की गुन्हे घटत नाहीत, मुडदे तेवढे वाढतात, असा त्यांचा एक लेखही होता. तो पाच-सहा जणांनी वाचला होता. त्यात बायको धरली होती.

एका दुपारी सर दाढी करून बाहेर येतात तो हॉलमध्ये एक काटकुळा माणूस त्यांचा लॅपटॉप काखोटीला मारून उभा. दोघंही सारखेच दचकले. चोराने लॅपटॉप सोफ्यावर ठेवला, अगदी हळूच, आणि खिडकीकडे धूम ठोकली. सरांनी डॉक्टरांच्या आग्रहाखातर आणलेलं डंबेल उचलून भिरकावलं. त्या डंबेलचा हा पहिलाच व्यायाम. चोराच्या खांद्याचं हाड मोडलं.

बायकोने बहिणीला फोन लावला, मग नणंदेला. तिसऱ्या फोनपर्यंत चोराच्या हातात सुरा आला होता, आणि सरांनाही तो अंधुकसा आठवू लागला होता.

पोलीस ठाण्यातला इन्स्पेक्टर निघाला सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने चहा मागवला आणि हलक्या आवाजात समजावलं. मार पाठीमागून बसलाय, म्हणजे सरांवरही केस, नोकरीवर गदा. त्यापेक्षा तो अंगावर धावून आला असं लिहू. चोराला साध्या चोरीऐवजी हल्ल्याचं कलम लागेल, चार-पाच वर्षं जास्त आत जाईल. त्याचं कोण ऐकतंय?

सरांनी सदसद्विवेकबुद्धीची जरा वाट पाहिली. ती आली नाही. ते हो म्हणणार, तेवढ्यात इन्स्पेक्टर म्हणाला, "तसंही सर, घरात शिरलेला चोर पाठमोरा असला तरी चालतो. तुम्हीच शिकवलंय."

"मी?" सरांचे कान तापले. चोराची पाच वर्षं त्यांनी पचवली असती, हे पचेना. ते उठून उभे राहिले आणि तास घेतल्यासारखं बोलू लागले. शेवटी उदाहरण हवं म्हणून म्हणाले, "आता माझंच घे. तो पळत होता, मी मागून मारलं. हा गुन्हा आहे. कळलं?"

हवालदार जबाब लिहीत होता. त्याने तेही लिहिलं.

"सर, पान फाडू का?" इन्स्पेक्टरने कळवळून विचारलं.

पान फाडलं तर या गाढवाचं उत्तर बरोबर ठरणार होतं. "राहू दे," सर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर चोर हात झोळीत अडकवून बसला होता. त्याने सरकून जागा दिली. तुझं हल्ल्याचं कलम टळलं, असं सरांनी त्याला सांगितलं आणि आभारांची वाट पाहिली. चोराने तुमचा वकील कोण म्हणून विचारलं.

"वकील कशाला? हा कायदा मी स्वतः शिकवतो."

चोराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग चांगला वकील बघा," तो म्हणाला.