खडकावरचा पंजा

टप्प.

दुपारच्या सामसूम घरात जवसाच्या तेलाच्या बाटलीचं बूच निघालं आणि रीता स्वतःच दचकली. खाटेवर आडव्या झालेल्या सासूचे, गोदावरीबाईंचे, डोळे मिटलेले होते, कान मात्र जागे.

"काय काढून राहिली वो, रीता?"

"काही नाही, आत्याबाई. पोरीच्या डोक्याले तेल लावते."

"सकाळीच तर लावलं. पोरगी आहे का भजं?"

रीतानं बाटली पदराखाली घेतली, चार वर्षांच्या उर्वशीचं बोट धरलं आणि वैनगंगेकडे उतरली.

पवनीच्या घाटाखाली काळे खडक आहेत. उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, कमलेशनं, तिथंच आपला डोंगा, लहानशी लाकडी होडी, पालथा घातला होता. लाकडात पाणी मुरू नये म्हणून त्याला डांबर कालवलेलं इंजिनाचं जळकं ऑइल चोपडत होता. डबा लवंडला, सगळं काळं खडकांवर पसरलं, त्यात तो घसरला आणि सावरताना माखलेला उजवा पंजा वरच्या खडकावर उमटला.

"सही केली काय?" रीता हसून म्हणाली होती.

"राहू दे. तुह्यावर नजर ठेवाले."

आठवड्याभरात तो परगावी कामाला गेला. डोंग्यावर घर भागत नव्हतं, आणि दूर समुद्राकाठी जहाजातलं तेल सांडलं होतं, ते खडकांवरून खरवडायला माणसं हवी होती. गोटे साफ झाले की परत येतो, म्हणाला.

तेव्हापासून रीताचा जीव दोन ठिकाणच्या दगडांत अडकला. तिथले लवकर धुऊन निघावेत, इथला एवढा एक राहावा. फोनवर जेवणाची चौकशी करायच्या आधी ती दगडांचं विचारायची. तो सांगायचा, समोरचे खडक लाटांनीच धुतले, आम्हाला हात लावावा लागला नाही. पण आत खाडीत लाट पोचत नाही, तिथं तेल घट्ट बसलंय. साहेब म्हणतात, ऊन-पाणी खाईल त्याला हळूहळू.

इथंही तेच चाललं होतं. खालचे डाग पुराच्या पाण्यानं आणि वाळूनं घासून नेले. वरच्या पंजाची चकाकी उन्हानं आधी गेली, मग तो डांबराच्या पापडीसारखा झाला, मग त्याला भेगा पडल्या. श्रावणात करंगळी गेली. रीता धुणं घेऊन यायची, दोन मिनिटं त्याच्यासमोर बसायची आणि घरी गेल्यावर उशीर का झाला म्हणून बोलणी खायची.

आज सकाळी फोन आला. "मंडईले नाही जमत, रीता. खाडीतले गोटे राहिले."

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला गावाबाहेर गेलेला झाडून सारा माणूस परततो. मागच्या मंडईत नाटक पाहता पाहता उर्वशी त्याच्या खांद्यावर झोपली होती.

"मंग कधी जमते?"

"साहेबालेच मालूम नाही," तो म्हणाला.

खडकावर आता चारच बोटं होती, तीही पापुद्र्यांची. घराची चौकट कोरडी पडली की रीता जवसाचं तेल चोळायची, लाकूड पुन्हा काळं तुकतुकीत व्हायचं. तसंच करायचं होतं. तिनं चिंधी भिजवली आणि एकेका बोटावरून हळूच फिरवली. उन्हानं तापलेल्या खडकावर पंजा काळाभोर झाला, जणू कमलेशनं आत्ताच हात उचलला. तिला राहवलं नाही. तिनं आपला तळवा त्यावर टेकवला आणि डोळे मिटून तसाच राहू दिला.

हात उचलला तेव्हा काळं सगळं तिच्या तळव्यावर आलं होतं. खडकावर उरला तेलकट फराटा.

सडकेचं डांबर उर्वशीच्या पायाला लागलं की रीता याच तेलानं काढायची. दहा वेळा तरी काढलं असेल. आजच कसं आठवलं नाही?

"आई, निघालं पुरं," उर्वशी खूश होऊन म्हणाली.

"हो माय."

पोरीनं बाटली उचलून उन्हात धरली. अर्धी भरलेली होती.

"बाबाजवळ असं तेल नाही काय?"

"तिकडे जवस नाही होत."

उर्वशीनं बूच घट्ट बसवलं, दोन्ही हातांनी दाबून.

"मंग हे बाबाले पाठवू. गोटे साफ झाल्यावर येईल ना तो मंडईले?"