कॅसलरॉकची केशर

अणशीच्या येसाजीनं ओतलेल्या घंटा पार रामनगरपर्यंत देवळांतून वाजत होत्या, पण माणसाचा पुतळा त्यानं कधी ओतला नव्हता. तरी घाटातली रेल्वे बांधणाऱ्या मजुरांचा पुतळा कॅसलरॉक स्टेशनापुढं बसवायचं ठरलं, तेव्हा गडी छाती ठोकून पुढं झाला. त्याची आई केशर त्याच घाटात डोक्यावर दगड वाहून झिजलेली. पुतळा तिचाच करायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. रेल्वेचा साहेब हसला. कांसं एकदाच मिळेल, म्हणाला. ओतणं फसलं तर त्या चौथऱ्यावर मुंबईहून मागवलेला बड्या साहेबाचा पुतळा बसेल.

येसाजीनं रानातल्या मेणाची कमरेएवढी बाई घडवली, डोक्यावर बुट्टी दिली आणि मेण तोललं. मेणाच्या शेराला दहा शेर कांसं, हे त्याचं माप. मग केशर बघायला आली आणि तिनं नाक मुरडलं. रिकामी बुट्टी घेऊन ती काय घाटात फिरायला गेली होती? येसाजी खजील झाला. त्यानं बुट्टीत मेणाचे दगड शिगोशीग भरले, वर वारुळाच्या मातीचा साचा चढवला, तापवून मेण काढलं. पुन्हा तोलायचं मात्र साफ विसरला, शहाणा!

भट्टीत कांसं पाण्यासारखं झालं, तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. बुट्टीतल्या दगडांचं कांसं मापात धरलंच नव्हतं. साचा उलटा पुरलेला. बुट्टी भरेल, डोकं भरेल, आणि पाय राहतील. त्यानं आईला खरं ते सांगून टाकलं.

केशर घरात गेली, लग्नातली काशाची थाळी आणली आणि भट्टीपुढं घणानं फोडली. ते बघून शेजारची तुळजा धावली, रुक्मिणी धावली, गावातल्या एकूणएक बाया धावल्या. निम्म्याजणींनी तर तिच्याबरोबर दगड वाहिलेले. थाळ्या, वाट्या, सगळं मुशीत वितळलं आणि येसाजीनं देवाचं नाव घेऊन एका दमात ओतलं.

तिसऱ्या दिवशी साचा फोडला. पायाच्या करंगळीपर्यंत बाई पुरी! येसाजी मातीत बसून ढसाढसा रडला आणि बायांनी हसून हसून त्याला नको नको केलं.

चौथऱ्यावर पुतळा उभा राहिला, साहेबानं हॅट काढली. गाडीतून उतरलेली माणसं लगेच कुंकू वाहायला, नारळ फोडायला लागली. केशर काठी टेकत गर्दीतून पुढं घुसली.

"देवी न्हवं ती," ती म्हणाली. "मी हाय."