खोकायला बंदी

ओदेलू पट्टा सोडून दगडी शिळेवर उताणा निजला. शिलास्वामीने त्याच्या पोटावर भस्म चोळलं, "घूस! घूस!" म्हणून दरडावलं, आणि पोटावरचा नारळाएवढा फुगा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत गेला. ताडवनात जमलेली गर्दी येड लागल्यासारखी नाचू लागली.

ओदेलू ताडी काढणारा. झाडावरून पडला तेव्हा पोट फाडून जीव वाचवावा लागला होता. पुढे टाक्यांची जागा फाकली आणि आतडं बाहेर डोकावू लागलं. झाडावर चढायचा पट्टाच तो त्यावर करकचून बांधी आणि खाटेवर आडवं झाल्यावरच सोडी. त्यामुळे फुगा पट्ट्यानेच दबतो, असा त्याचा पक्का समज. आज पट्ट्यावाचून दबला, म्हणजे स्वामी देवच! सोमवारी वरंगळला ऑपरेशन ठरलं होतं, ते त्याने तिथेच मोडीत काढलं.

"सुरी लागली की कृपा गेली, बिड्डा, माझ्या लेकरा," स्वामी म्हणाले आणि त्याच्या बायकोकडे, कनकव्वाकडे वळले. "घरी खाटेवरूनच ने गं ह्याला. महिनाभर उठायचं नाही, हसायचं नाही, आणि खोकायचं तर मुळीच नाही."

ज्यांचा फुगा परत येई ते पापी. कुठेतरी हसले असणार!

कनकव्वा नवऱ्याच्या कानाशी वाकली. आतडं अडकून काळं पडलं तर माणूस हातचा जाईल, असं वरंगळच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"अहो, हा फुगा तर रोज रात्री खाटेवरही जातो की आत!"

"तो पट्ट्यानं."

"पट्टा सोडल्यावरही उठेपर्यंत आतच असतो. तो काय सामींना भिऊन?"

"गप गं, सामी ऐकतायत."

कनकव्वा गप्प बसली नाही. हात जोडून म्हणाली, "सामी, एवढे डोळे तुमच्यावर. दृष्ट काढू का?"

स्तुतीला हपापलेले स्वामी मान डोलावून मोकळे झाले. तिने मूठभर लाल मिरच्या त्यांच्यावरून ओवाळल्या आणि शिळेजवळच्या धुनीत टाकल्या.

असा ठसका उठला की सगळं ताडवन खोकू लागलं. शिळेवरचा ओदेलू खोकला आणि फुगा टुणकन वर आला. स्वामी मात्र दोन्ही हातांनी जांघ दाबून खाली बसले. छाटी सुटली. आत औषधाच्या दुकानातला, हर्नियाचा कोराकरकरीत पट्टा!

"सामी," कनकव्वा खोकत म्हणाली, "तुम्ही का नाही निजलात शिळेवर?"

सोमवारी ओदेलू मुकाट वरंगळला गेला.

"पोटाच्या भिंतीला भोक आहे," डॉक्टर स्रवंतींनी समजावलं. "आडवं झालं की आतडं आपसूक आत घरंगळतं, कुणाचंही. भोक तसंच राहतं." हाताच्या पंजाएवढं भोक, कडा नुसत्या ओढून जुळेनात. त्यांनी बाजूचे स्नायू सैल केले, कडा मधे आणल्या, मागे जाळी बसवून शिवलं.

काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "पोटावर उशी धरा आणि खोका."

ओदेलूने घाबरून बायकोकडे पाहिलं.

"खोका की!" ती म्हणाली. "इथे बंदी नाही."

तो खोकला. काहीच बाहेर आलं नाही. त्याच्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं.

शिलास्वामी आता दुसऱ्या गावी शिळा शोधत असेल. अशांची दुकानं न विचारणाऱ्यांच्या जिवावर चालतात. तेव्हा बाबांनो, हात जोडायची घाई करू नका. आधी एकदा खोकून बघा.