अंजनाची उंची

सिन्नरकडच्या मुरमाड रानात कमळाबाईने बाजरीच्या बांधावर अंजनाची चाळीस रोपं लावली, त्याला तीन वर्षं झाली. अंजनाचं झाड मोठं मानी. आधी मूळ ओलीपर्यंत पोचणार, मग वर तोंड दाखवणार. तोवर दर उन्हाळ्यात वरची काडी वाळते, पावसात पुन्हा फुटते. एकदा उभं राहिलं, की मात्र दुष्काळातही शेळ्यांना पाला. कमळाबाई त्या पाल्याची वाट बघत होती.

मे महिन्यात रोपं देणाऱ्या संस्थेचा किशोर मोबाइल घेऊन तपासणीला आला.

“मावशी, इथं नुसत्या काड्या आहेत.”

“खाली जित्ती हायेत, भाऊ.”

“ॲपला खालचं दिसत नाही. दोन फूट उंची लागते. चाळिसातली बत्तीस तरी जिवंत भरली पाहिजेत. नाहीतर सोमवारी जेसीबी येईल, बांध उकरून सुबाभूळ लावायला.”

“सुबाभूळ कशापायी?”

“ती तपासणीपर्यंत वाढते.”

शेजारचा चंदर बांधावर तंबाखू मळत बसला होता. “वहिनी, एक उपटून दाव ना त्याला. आपण काय खोटं बोलतो?”

कमळाबाईने पहार घेतली. तासाभराने मूळ निघालं, तिच्या खांद्याएवढं. किशोरने ते टेपला लावून उभं धरलं, फोटो काढला. ॲपने उत्तर दिलं: जिवंत. उंची साडेचार फूट. वाढ उत्तम.

किशोरला खरोखर आनंद झाला. “बघा! अशीच बाकीची दाखवा.”

“आरं, पण हे मेलं ना आता.”

“नोंद झाली, मावशी. आता ते मरू शकत नाही.”

आणखी एकतीस उपटली, तर आठ वाचत होती. नाही उपटली, तर एकही नाही.

वरून सगळ्या काड्या सारख्याच, निवडणार कशी? खुरपणीला धरतात तशी तिने एका कडेपासून ओळ धरली. तीन दिवस खणत होती. बत्तिसाव्या मुळाच्या टोकाला ओली माती चिकटून आली. तिने ती बोटांनी चुरून पाहिली आणि मूळ किशोरच्या हातात दिलं.

“मावशी, तालुक्यात पहिल्या आलात!”

“आता ती आठ ऱ्हातील ना?”

“राहतील की. पुढच्या मेपर्यंत. तेव्हा पुन्हा चाळिसांची तपासणी.”

किशोरला झाडांसोबत तिचा फोटो हवा होता. ती आठ फोटोत दिसेनात, म्हणून त्याने तिला मुळांच्या ढिगाशेजारी उभं केलं.

“जरा हसा, मावशी.”